‘बघतोच तुला कुठे नोकरी मिळते ते!’

राजीनामा द्यायला केबिनमध्ये गेलेल्या पोरापोरींना हे वाक्य ऐकावं लागतं. अगदी याच शब्दांत नाही. कुणी गोड बोलून सांगतं, ‘अरे, आपली इंडस्ट्री छोटी आहे, सगळे एकमेकांना ओळखतात.’ कुणी नुसतं विचारतं, ‘पुढच्या कंपनीतून मलाच फोन येईल ना?’ आणि हसतं. पहिलीवहिली नोकरी असते, आठ-दहा महिने झालेले असतात. रूमचं भाडं आणि मेसचे पैसे गेले की पगारातलं फारसं काही उरत नसतं. हिंमत गोळा करून आत गेलेली ही पोरं बाहेर येतात तेव्हा त्यांचे पाय लटपटत असतात. आणि त्यातली काही त्या एका वाक्यापायी राजीनामा खिशात ठेवून पुन्हा जागेवर जाऊन बसतात. अजून वर्षभर!

तुम्ही म्हणाल, आम्ही तर अजून कॉलेजात आहोत, आमचा काय संबंध? आहे. नव्या अभ्यासक्रमात ओजेटी आली, इंटर्नशिप आली. सुट्टीत कॉल सेंटरला, मॉलमध्ये, सीएच्या ऑफिसात, क्लासेसमध्ये पेपर तपासायला जाणारे तर कधीपासूनच आहेत. म्हणजे तुमच्याबद्दल ‘चांगला मुलगा आहे’ किंवा ‘नको रे, डोक्याला ताप आहे’ असं म्हणू शकणारा माणूस तुमच्या आयुष्यात ऑलरेडी आलेला आहे. डिग्री नंतर मिळेल.

म्हणून आधी एक गोष्ट समजून घ्या. या धमकीचा आवाज मोठा आहे, तेवढा तिचा दात लांब नाही. पण दात आहे. तो कुठे लागतो आणि कुठे लागत नाही हे माहीत नसलं की माणूस उगाच घाबरतो, नाहीतर उगाच बिनधास्त राहतो. दोन्ही महागात पडतं.

नवी कंपनी तुमच्याबद्दल विचारते तेव्हा ती खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी विचारत असते. एक असते पडताळणी. एचआरवाले जिला बीजीव्ही म्हणतात ती, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन. हे काम बहुतेक वेळा बाहेरच्या एजन्सीला दिलेलं असतं. तिथला माणूस तुमच्या जुन्या कंपनीच्या एचआरला मेल टाकतो: हा उमेदवार कधी लागला, कधी सोडलं, पद काय, राजीनामा दिला की काढलं, परत घ्याल का? मोठ्या कंपन्यांत याचं उत्तर एचआरमधली एखादी व्यक्ती कॉम्प्युटरमधली नोंद बघून देते. तुमच्या त्या खडूस मॅनेजरला बऱ्याचदा हे कळतसुद्धा नाही. उगाच जास्त बोलून कोण अडकणार, म्हणून अनेक कंपन्या तारखा आणि पद यापलीकडे काही सांगतच नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे रेफरन्स. इथे माणूस माणसाला फोन करतो आणि विचारतो, ‘कसा आहे कामाला?’ खरा दात इथे आहे. पंधरा-वीस माणसांचं ऑफिस असतं, एचआर वगैरे काही नसतं, फोन थेट मालकच उचलतो आणि त्याच्या मनात तुमच्या राजीनाम्याचा राग अजून ताजा असतो. किंवा नव्या कंपनीतल्या साहेबांचा एखादा मित्र तुमच्या जुन्या ऑफिसात निघतो. तो तुम्ही दिलेल्या यादीत नसतो, पण चहा पिता पिता त्याला विचारलं जातंच. आणि एकदा कानफाट्या नाव पडलं की पडलं.

ही भानगड काही आजची नाही. साहेबाच्या राज्यात बटलर, आया, खानसामा नोकरी सोडताना साहेबाकडून चिठ्ठी घ्यायचे आणि पुढच्या बंगल्यावर दाखवायचे. इंग्रजीतला ‘चिट’ हा शब्द आपल्या ‘चिठ्ठी’वरूनच गेला. १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याचा एक अर्थ चक्क ‘नोकराला दिलेलं प्रमाणपत्र’ असा दिलेला आहे. त्या काळातले किस्से सांगतात की, काही साहेब चिठ्ठीत खुशाल टवाळी लिहून ठेवायचे आणि इंग्रजी न येणारा बिचारा नोकर तीच चिठ्ठी मोठ्या अभिमानाने दारोदार दाखवत फिरायचा. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला वाचताच येत नव्हतं. आज तुम्हाला इंग्रजी येतं, पण तो फोनवरचा संवाद तुम्हाला ऐकू येत नाही. फरक एवढाच.

आता जुना मालक त्रास देतो म्हणजे नेमकं काय करतो? आपल्या डोळ्यांसमोर शिव्या घालणारा माणूस येतो. तसे असतात, पण त्याहून जास्त असतात ते गप्प बसणारे. मेलला उत्तर नाही. रिलीव्हिंग लेटर ‘देतो देतो’ म्हणत चार महिने. एचआरची मुलगी स्वतःच नोकरी सोडून गेलेली. किंवा कंपनीच बंद, शटर खाली, लँडलाइन मृत. अशा वेळी एजन्सीच्या रिपोर्टवर शेरा येतो: ‘पडताळणी होऊ शकली नाही’. नीट लक्षात घ्या, हा शेरा आणि ‘माहिती खोटी निघाली’ हा शेरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बऱ्याच एजन्सी रिपोर्टला सिग्नलसारखे रंग देतात. पहिला शेरा सहसा पिवळा, दुसरा लाल. पिवळ्याचा हिरवा करता येतो आणि तो करायला जुन्या मालकाची मेहेरबानी लागत नाही. कागद लागतात.

कुठले कागद? सगळ्यात भक्कम पुरावा पीएफचा. साधारणपणे २० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पीएफचा कायदा लागू होतो. पहिल्या नोकरीत तुम्हाला यूएएन नावाचा बारा आकडी नंबर मिळतो आणि तो पुढे जन्मभर तोच राहतो. ईपीएफओच्या साइटवर लॉगइन केलं की सर्व्हिस हिस्टरी दिसते: कुठे होतात, कधीपासून, कधीपर्यंत. ही सरकारी नोंद आहे, साहेबाच्या मूडवर अवलंबून नाही. पण त्यात एक गोम आहे. सोडल्याची तारीख कंपनीने भरायची असते आणि रागावलेली (किंवा नुसतीच आळशी) कंपनी ती भरत नाही. मग कागदावर तुम्ही अजून तिथेच! यावरही उपाय आहे. सोडून दोन महिने झाले की ही तारीख तुम्ही स्वतः टाकू शकता. ‘मॅनेज’ या मेनूत ‘मार्क एक्झिट’ म्हणून पर्याय असतो, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, काम झालं. २०२० पासून ही सोय आहे. तरी कितीतरी मुलं तेवढ्यासाठी जुन्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवत असतात.

पीएफ नसेल तर बँकेचं स्टेटमेंट. दर महिन्याला पगार जमा झाल्याची ओळ आणि शेजारी कंपनीचं नाव. टीडीएस कापला असेल तर फॉर्म १६ आणि आयकर खात्याच्या साइटवरचा २६एएस. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, राजीनाम्याचा मेल आणि तो मिळाल्याचं उत्तर. म्हणूनच पगार रोख घेऊ नका, म्हणजे घ्यावाच लागला तर निदान व्हाउचरचा फोटो तरी काढून ठेवा. आणि दहावी-बारावीच्या, डिग्रीच्या ओरिजिनल मार्कशीट कुठल्याही कंपनीत ‘ठेवून’ देऊ नका. बघायला द्या, झेरॉक्स द्या, ओरिजिनल घरी आणा. ‘आमच्याकडे सगळ्यांच्याच ठेवून घेतात’ असं म्हणणाऱ्या ऑफिसातून बाहेर पडताना काय होतं, हे तिथल्याच कुणाला तरी आधी विचारा.

हे झालं गप्प बसणाऱ्यांचं. बोलणाऱ्यांचं काय?

इथे पहिला प्रश्न असा की, त्याचं नाव तुम्ही दिलंतच का? फॉर्मवर ‘रेफरन्स’ असं लिहिलेलं असतं, ‘ज्याच्यामुळे नोकरी सोडली त्या माणसाचं नाव’ असं लिहिलेलं नसतं. तुमचं काम जवळून पाहिलेला टीम लीड, जो आता दुसरीकडे गेलाय, तो चालतो. ज्या क्लायंटशी तुम्ही रोज बोलत होतात तो चालतो. इंटर्नशिपचा गाइड, प्रोजेक्ट घेणारे सर किंवा मॅडम चालतात. काही कंपन्या ‘रिपोर्टिंग मॅनेजरच हवा’ म्हणून अडून बसतात, तेव्हा त्याचं नाव द्या, पण सोबत आणखी दोन नावं द्या. आणि नाव द्यायच्या आधी त्या माणसाला फोन करून विचारा, कुठल्या कामासाठी अर्ज केलाय ते सांगा. अचानक आलेल्या अनोळखी फोनवर कुणीही ‘हो, ठीक होता’ एवढंच म्हणतो. ‘ठीक होता’ने नोकऱ्या मिळत नाहीत.

आणि प्लीज, चुलतभावाला मॅनेजर बनवू नका. उंदराला मांजर साक्ष हे समोरच्यालाही कळतं. तो कंपनीचा ईमेल आयडी मागतो, लिंक्डइन बघतो, दोन प्रश्न जास्त विचारतो आणि चुलतभाऊ गडबडतो. ‘एक्स्पिरिअन्स लेटर बनवून देतो’ म्हणणारे एजंट गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याही नादी लागू नका. पीएफच्या नोंदीत जी कंपनी नाहीच तिचं लेटर कितीही चकचकीत असलं तरी पकडलं जातं, आणि मग मघाचा तो लाल शेरा बसतो. खडूस मॅनेजर जे नुकसान करू शकला नसता ते तुम्ही स्वतःच्या हाताने करून बसता.

इंटरव्ह्यूत काय बोलायचं? पुष्कळ मुलं इथे दोन टोकं गाठतात. एक तर विषयच येऊ नये म्हणून ते दहा महिने सीव्हीतून गायब करतात आणि मग ‘या काळात काय करत होतात?’ या प्रश्नाला घाम फुटतो. नाहीतर ‘सर एकदम टॉक्सिक होते’ इथून जी गाडी सुटते ती थांबत नाही. तुमचे सर खरंच टॉक्सिक असतील. पण समोर बसलेली बाई तुम्हाला दहा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा भेटली आहे, तिला त्यातली एकच बाजू दिसते आहे आणि ती तुमची तक्रार आहे. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

त्यापेक्षा साधं आणि थोडं सांगा. समजा, लातूरहून पुण्यात आलेली मुलगी आहे, डिजिटल मार्केटिंगच्या छोट्या एजन्सीत दहा महिने काढलेत. ती म्हणू शकते: ‘तिथे मी तीन क्लायंटची सोशल मीडियाची कामं बघत होते. कामाच्या वेळांवरून सरांशी पटलं नाही. नोटीस पिरिअड पूर्ण करून बाहेर पडले. त्यांना फोन केलात तर ते फार चांगलं बोलतील असं मला वाटत नाही. पण ज्यांनी माझं रोजचं काम पाहिलंय त्या टीम लीडचा आणि एका क्लायंटचा नंबर देते, त्यांच्याशी जरूर बोला.’ संपलं. यात खोटं नाही, रडगाणं नाही, आणि मुख्य म्हणजे वाईट बातमी तिच्या स्वतःच्या तोंडून आधी पोचली. उद्या मालकाने फोनवर आग ओकलीच तर ऐकणारा मनात म्हणेल, हं, मुलगी म्हणाली होती तसंच आहे. हे वाक्य आरशासमोर नको, पण मैत्रिणीसमोर चार वेळा म्हणून बघा. पहिल्या वेळी आवाज कापतो.

कायदा काय म्हणतो, हे विचारणारे पत्रांतून नेहमी भेटतात. ‘आमच्याबद्दल वाईट बोलला तर केस टाकता येते का?’ खोटं, मुद्दाम, बदनामी करायलाच बोलला असेल तर बदनामीचा गुन्हा आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६. पण त्याच कलमाला अपवादही आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान बदनामी ठरत नाही. म्हणजे ‘हा वेळेवर यायचा नाही’ असं तो प्रामाणिकपणे म्हणाला आणि तुम्ही खरंच वेळेवर जात नसाल, तर कलम वगैरे विसरा. शिवाय फोनवर काय बोललं गेलं याचा पुरावा आणणार कुठून? बावीस-तेविसाव्या वर्षी कोर्टाच्या तारखा हा करिअर प्लॅन असू शकत नाही. त्याऐवजी एचआरला किंवा मालकाला एक शांत मेल टाका: ‘नव्या कंपनीकडून पडताळणीची विचारणा आली आहे. माझी रुजू होण्याची व सोडल्याची तारीख आणि पद एवढं कळवावं, ही विनंती.’ तोंडाला येईल ते फोनवर बोलणारा माणूस लेखी उत्तर देताना सांभाळून देतो. राहिलेल्या पगारासाठी मात्र गप्प बसू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत वेतन चुकतं करायला हवं. मेलमध्ये या तरतुदीचा उल्लेख करायला पैसे पडत नाहीत.

जर्मनीला जायचं म्हणून पुण्यात मॅक्समुल्लर भवनात क्लास लावलेल्यांसाठी एक गंमत. तिथे नोकरी सोडताना लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्यात उघड-छुपं वाईट लिहायला मनाई आहे. मग कंपन्यांनी काय केलं? एक भाषाच तयार केली. ‘नेहमीच आमच्या पुरेपूर समाधानाचं काम केलं’ म्हणजे डिस्टिंक्शन. नुसतं ‘आमच्या समाधानाचं काम केलं’ म्हणजे काठावर पास. आणि ‘त्याने प्रयत्न केला’ म्हणजे सरळ नापास! कायदा कितीही चांगला असला तरी माणसं बोलायचं ते बोलतातच. आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही, त्यामुळे लेटर हातात पडेपर्यंत पाठपुरावा आपणच करायचा.

एका गोष्टीवर मात्र मला सरळ बोलायचंय. वाईट रेफरन्स मिळालेल्या प्रत्येकावर अन्यायच झालेला असतो असं नाही. पगार झाला की दुसऱ्या दिवशी फोन बंद, लॅपटॉप रूमवर, माणूस गावाला. एचआरच्या भाषेत याला ‘अ‍ॅब्स्कॉन्डिंग’ म्हणतात आणि ही नोंद कायम राहते. दिवाळीला घरी गेला तो आलाच नाही, अशा कहाण्या छोट्या ऑफिसांतल्या मालकांकडून ऐका. त्यांचंही काम अडलेलं असतं, त्यांनाही क्लायंटला तोंड द्यावं लागतं. तुम्ही असं केलं असेल तर वर सांगितलेली कुठलीच युक्ती फार चालणार नाही. एकच रस्ता आहे. जुन्या ऑफिसला स्वतःहून लिहायचं, लॅपटॉप परत द्यायचा, हिशोब मिटवायचा आणि शेरा बदलता येईल का विचारायचं. पुष्कळ मालक बदलतात. त्यांनाही फायली बंद झालेल्या आवडतात.

आणि याच्या अगदी उलट टोकाचं एक प्रकरण आहे, ज्यावर फार कमी बोललं जातं. ज्या माणसाच्या वागण्यामुळे मुलीने नोकरी सोडली, तोच तिचा रिपोर्टिंग मॅनेजर. रात्रीचे मेसेज, अंगचटीला येणं, आणि विरोध केल्यावर ‘परफॉर्मन्स’ खराब. आता पुढच्या नोकरीसाठी फोन जाणार तो त्यालाच. अशा मैत्रिणींनो, त्याचं नाव रेफरन्स म्हणून द्यायला तुम्ही बांधील नाही. एचआरचा अधिकृत मेल आयडी द्या, तेवढा पडताळणीला पुरतो. इंटरव्ह्यूत सगळी कहाणी सांगायचीही गरज नाही. ‘तिथलं वातावरण माझ्यासाठी योग्य नव्हतं’ एवढ्यावर थांबायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तक्रार करायची असेल तर २०१३ चा कायदा ट्रेनी आणि अ‍ॅप्रेंटिसनाही लागू आहे, म्हणजे इंटर्नशिपला गेलेल्यांनी ‘आपण कुठे कर्मचारी’ म्हणून मागे राहू नये. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. नोकरी सोडली म्हणून हा हक्क जात नाही. दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. आणि तक्रारीचा मजकूर, तक्रार करणारीचं नाव जाहीर करायला कायद्याने बंदी आहे. ‘ती आमच्यावर केस करून गेली’ असं तो पुढच्या कंपनीला सांगत सुटला, तर ते तो कुणाला, कधी म्हणाला याची नोंद ठेवा आणि समितीला कळवा.

नवी ऑफर हातात आली असेल आणि खाली बारीक अक्षरांत ‘पडताळणीच्या अधीन’ असं लिहिलं असेल, तर पडताळणी कधी होणार, जॉइन व्हायच्या आधी की नंतर, हे विचारून घ्या. सध्याच्या ऑफिसला राजीनाम्याआधी फोन करू नका, असंही लेखी सांगता येतं आणि चांगल्या कंपन्या ते पाळतात. पडताळणीत काही अडकलंच तर ‘रिपोर्टमध्ये नेमका काय शेरा आहे?’ हा प्रश्न मेलवर विचारा, फोनवर नको, आणि उत्तर आलं की त्या शेऱ्याला लागू पडतील तेवढेच कागद पाठवा. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करण्याआधी पगाराच्या सगळ्या स्लिपा तुमच्या स्वतःच्या मेलवर घेतल्या आहेत ना, तेवढं बघून घ्या. ऑफिसचा मेल आयडी त्याच संध्याकाळी बंद होतो.